लाल दोऱ्याचे गठ्ठे

मी, या कागदाच्या शेवटी डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी, वय वर्षं एक्याऐंशी, राष्ट्रीय ग्रंथालयातून निवृत्त झालेली सफाई कामगार, जिला तिथे सगळे मावशी म्हणत, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार आणि विसातून सात गेले किती, हे विचारलं. दोन्ही सांगितलं, शिवाय त्यांच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय तेही सांगितलं. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. ऐकू मात्र नीट येतं, तेव्हा लिहिणाऱ्या व्यक्तीने शब्द बदलू नयेत.

लिहिणारी व्यक्ती म्हणजे ग्रंथालयातली कार्डबाई. आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव, छापखाना आणि जागा एका जाड कार्डावर लिहून ते लाकडी खणात लावायचं, हे तिचं काम होतं. तिच्याबद्दल कलम पाच आहे. तिथे पोचेपर्यंत तिने गप्प बसून लिहावं.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावं. पण कलम सहामधली अट पुरी केल्यावरच. आजच कुलपं बदलायला जाऊ नये.

कलम २. बँकेत असेल ते सगळं नातीला. शिवणयंत्र सुनेला. ते तिने चार वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेलं आहे. आता ते तिचंच झालं, तेव्हा माझ्यासमोर अपराधी चेहरा करून बसणं थांबवावं.

कलम ३. माझा मऊ केसांचा ब्रश आणि तीन पायऱ्यांचं स्टूल ग्रंथालयात सध्या झाडलोट करणाऱ्या मुलीला. सोबत एक सूचना: पुस्तक वरून डोकं धरून ओढायचं नाही. दोन्ही शेजाऱ्यांना जरा आत ढकलायचं, मधलं आपोआप हातात येतं.

कलम ४. पलंगाखालच्या दोन लोखंडी ट्रंका आणि धान्याची कोठी यांत मिळून तीनशे बारा पुस्तिका आहेत. त्या माझ्या नाहीत.

मी नोकरीला लागले तेव्हा ग्रंथालय मिठाच्या जुन्या गोदामात होतं. भिंती बाराही महिने ओल धरत. कायदा तेव्हाही होता, आजही आहे: देशात कोणीही काहीही छापलं की त्याची एक प्रत इथे पाठवायची. जुने ग्रंथपाल माझ्या हातात फडकं देऊन म्हणाले, "हे बघा बाई, यातलं चांगलं कुठलं, वाईट कुठलं, ते आपण ठरवायचं नाही. छापलं, आलं, जपलं. एवढंच आपलं काम." वाचता न येणाऱ्या बाईला याहून सोपा नियम कोण सांगणार? मला सगळी पुस्तकं सारखीच दिसत.

बावीस वर्षांपूर्वी नवी इमारत आली आणि नवे साहेब आले. साहेबांना कपाटं मोकळी हवी होती. शेळ्यांच्या रोगांवरची एक पुस्तिका दोन बोटांत धरून ते म्हणाले, "राष्ट्राच्या ग्रंथालयात हे?" मी म्हटलं, "साहेब, शेळ्या काय परदेशातल्या आहेत?"

त्यांनी रद्दीत घालायच्या गठ्ठ्यांना लाल दोरा बांधायचा हुकूम काढला. हुकूम लेखी होता, म्हणजे माझ्यासाठी नव्हताच. आमच्याकडे लाल दोरा म्हणजे शिवण उसवलेली पुस्तकं, बाइंडरकडे न्यायची. मी नेली. बाइंडरनेही सवयीने सात गठ्ठे शिवले, कापडी पुठ्ठे चढवले, खळ वाळवून परत पाठवले. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "लाल म्हणजे रद्दी, एवढं कळत नाही?"

"तीस वर्षं लाल म्हणजे दवाखाना होता, साहेब. स्मशान कधी झालं ते कोणी कळवलं नाही."

पहिल्या दिवशी माझी चूक झाली हे मान्य. दुसऱ्या दिवसापासून चूक नव्हती. लाल दोऱ्याचा अर्थ मला पक्का ठाऊक झाला होता, आणि मागच्या दाराच्या रद्दीगाडीत जायच्या पुस्तिका मी डब्याच्या पिशवीत घालून थोड्या थोड्या करून चोरल्या. गाडीचं वजन भरायला साहेबांचा फोटो असलेले वार्षिक अहवाल टाकले. तळघरात त्यांची थप्पी छताला टेकली होती. तेव्हाही मी पूर्ण शुद्धीवर होते. डॉक्टरांचा दाखला त्या दिवसांनाही लागू समजावा.

इथे कार्डबाई विचारते, "मावशी, 'चोरल्या' लिहू की 'आणल्या'?" वकिलांनी 'माझ्याकडे आढळल्या' असं लिहायला सांगितलं होतं. आढळायला त्या काय झुरळं आहेत? चोरल्या लिही.

यांतल्या एकतीस पुस्तिकांच्या शेवटच्या पानावर एक फूल आहे, एक पाकळी तुटलेलं. ते आमच्या ह्यांच्या छापखान्यातलं. हे तिथे अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापणाऱ्याचं नाव पुस्तकावर येतं, जुळवणाऱ्याचं येत नाही. मला छापलेल्यातलं तेवढं फूलच वाचता येतं. पण त्या एकतीसांना वेगळं कपाट नको. शेळ्यांशेजारी होत्या, तिथेच लावाव्यात.

कलम ५. कार्डबाईला माझ्या घरातला चमचासुद्धा देऊ नये. साहेबांनी या पुस्तिकांची कार्डं फाडायला सांगितली आणि तिने ती फाडली. कार्ड गेलं की पुस्तक कधी आलंच नव्हतं असं होतं. माझा मुलगा दोनदा चौकशी करून आला. खिडकीवरच्या माणसाने खण उघडून दाखवला, म्हणाला, "अशी पुस्तकं इथे कधी नव्हतीच. आजींना भास होत असेल." तेव्हापासून मुलगा ट्रंका भंगारात द्यायला निघाला आहे. आणि ही बाई बावीस वर्षं माझ्याकडे येऊन चहात बिस्किट बुडवते, कार्डांचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघते. म्हणून हे कलम तिच्याच सुंदर अक्षरात असावं.

(इथे लिखाण पाऊण तास थांबलं. कार्डबाई पेन ठेवून म्हणाली, "हे मी लिहून दिलंय, पण हे खोटं आहे," आणि चपला घालून निघून गेली. साक्षीला येऊन बसलेल्या बाइंडरला मी म्हटलं, "तुझं अक्षर कसं आहे रे?" तो म्हणाला, "कोंबडीच्या पायासारखं." मग ती परत आली, काखेत बुटांचं खोकं. खोक्यात कार्डं.

"फाडली नव्हतीस?"

"कोरी फाडली. साहेबांना फाडल्याचा आवाज हवा होता."

"मग इतकी वर्षं तोंड का नाही उघडलंस?"

"तुम्ही तरी कुठे उघडलंत? मी याच पलंगावर बसून चहा प्यायले, मावशी. ट्रंकांवर बसून.")

कलम पाच खोडू नये. खोडलं की असं काही नव्हतंच असं होतं. त्याखाली लिहावं: रद्द. कार्डबाईला सगळे चमचे.

कलम ६. कार्डं मोजली ती तीनशे तेरा भरली. एका कार्डाची पुस्तिका माझ्याकडे नाही. कार्डबाईने वाचून दाखवलं: विहिरीचं पाणी कसं तपासावं, पानं सोळा. ती माझ्या हातून गाडीत गेली. ते कार्डही खणात लावावं. पुस्तक नसलं तरी ते होतं, एवढं कोणाला तरी कळेल.

मुलाने माझ्यामागे एका महिन्याच्या आत ट्रंका, कोठी आणि खोकं ग्रंथालयात न्यावं. पुढच्या दाराने न्यावं. प्रत्येक पुस्तिकेवर शिक्का आणि प्रत्येक कार्ड खणात, हे नातीने डोळ्यांनी पाहिलं की घर मुलाचं. ग्रंथालयाने नकार दिला तर पुढची खोली वाचकांसाठी उघडावी, दारावर पाटी लावावी, 'राष्ट्रीय ग्रंथालय, उरलेला भाग', आणि मुलाने आतल्या खोलीत राहून वाचकांना पाणी द्यावं.

कलम ७. मी माफी मागत नाही. माझ्यावर चोरीचा आळ घ्यायचा असेल तर ग्रंथालयाने खुशाल घ्यावा, खुशाल पेपरात छापावा. त्याचीही एक प्रत त्यांच्याकडे येईलच. पण त्यासाठी आधी त्यांना सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं लागेल की ही पुस्तकं त्यांची होती. मला तेवढंच हवं आहे.

हा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी कार्डबाईने 'चोरल्या'च्या जागी हळूच 'आणल्या' वाचलं. मी ते कलम पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. आता बरोबर आहे.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली, पलंगाजवळचं टेबल
दिनांक: १४ मार्च, मंगळवार

मृत्युपत्र करणार: मावशी, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार १: डॉक्टर (सही). अंगठा माझ्यासमोर उमटवला. बटण नीट लावलं आहे.

साक्षीदार २: बाइंडर (सही). हे पाच कागद मी शिवले. दोरा लाल वापरला आहे.

लिहिणार: कार्डबाई (सही). या मृत्युपत्राचं कार्ड आजच केलं, खोक्यात सर्वांत पुढे ठेवलं आहे.