भुकेचे आभार

माय, तुला लिहितोय खरं, पण हे तुला वाचून कोण दाखवणार? तुला अक्षर येत नव्हतं. आता आहेस तिथे शाळा असली तर मास्तर तरी माझ्यापेक्षा बरा असो.

माझ्या घशात गाठ झाली आहे. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं, कर्करोग म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत प्रार्थना केली. औषध संपलं, हे मला तेव्हाच कळलं. परत येताना गाडीवान म्हणाला, "मास्तर, आज गप हायत तुमी, लई बरं वाटतंय." त्याचं काय चुकलं? निजामाच्या तहसीलदारापासून आमच्या प्रार्थनामंदिराच्या पाळकसाहेबांपर्यंत या जिभेने कुणाला सोडलं नाही. नेमकी तिच्याच शेजारी देवाने गाठ ठेवली. त्याला थट्टा कळत नाही, असं म्हणायची सोय उरली नाही.

भाकरी कधीच बंद झाली. आता ज्वारीची पेज, तीही गाळून, चमच्याने. तुझी सून पीठ मळायला बसते तेव्हा तूच दिसतेस. मळण्याआधी एक मूठ पीठ काढून तू गाडग्यात टाकायचीस. ती देवाची मूठ, रविवारी प्रार्थनामंदिरात जायची. सूनही तेच करते. परवा पाहिलं, तिने दोन मुठी काढल्या. मी हातानेच विचारलं, ही कसली?

"तुमच्या वाटची," ती म्हणाली. "तुमी खात न्हाई, तर देवानं तरी खावी."

म्हणजे माझी भाकरी माझ्या आधी पोचते आहे.

मग पाळकसाहेब आले. "कापणीच्या उपासनेत साक्ष द्या," म्हणाले. "एवढ्या दुखण्यातही देवाचे आभार मानता, हे ऐकून मंडळीला बळ येईल." मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा कितवी, साहेब?" ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या ढोंगाची टर उडवली, आणि आता पेजेवर म्हटलेली माझीच उपकारप्रार्थना मला ढोंगी वाटते. ओठ हलतात, आत काही हलत नाही. मरणाची भीती वाटते तेवढी वाटते. पण असं कोरडं मरायला जीव धजत नाही, माय. फार थकलोय.

बापाला पुरून आठवडाही झाला नव्हता, तो दिवस आठवतो. घरात नुसत्या कण्या. तू चुलीपुढे डोळे मिटून देवाचे आभार मानते आहेस आणि मी मध्येच तोंड घालतो, "माय, कण्या तर हायत. आभार कावून?" तू डोळे उघडतेस, उलथनं उगारतेस. "मुडद्या, भूक लागलीय न तुला? तिचे मान. मेल्याला भूक लागत न्हाई." मग माझ्या ताटलीत तुझ्याही वाटच्या कण्या ओततेस. मला वाटलं होतं, तू रागावलीस. बापाची जागा तुझ्या शेजारी रिकामी होती, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं.

आज सकाळी चुलीवर पेज उकळली आणि वास आला. गिळताना जीव जाणार हे ठाऊक असूनही पोटात अशी आग पडली की डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं? लई दुखतंय का?" तुझ्या सुनेने विचारलं.

"भूक लागली."

तिने पदराला हात पुसले, डोळे मिटले, प्रार्थना म्हटली. मी आमेन म्हणालो. आवाज फाटका निघाला, पण आतून निघाला.

साक्ष द्यायला मी जाणार नाही. पाळकसाहेबांना इतक्या स्वस्तात विजय द्यायचा नाही. आणि हा कागद पेटवणाला जाईल. तुझ्याकडे यायला मीच निघालोय, टपालाची गरज काय? फक्त एक सांगतो, ते तिथे कुणापाशी बोलू नकोस. पेज खाली उतरली, तेव्हा मी आणखी मागितली. मला अजून यायचं न्हाई, माय. भूक हाय.