शेतात बसवलेल्या बाईचा कर

मरून सुद्धा तुमचं सरकारी काम संपत न्हाई अन ते निस्तरायला मी. जित्तेपणी तुमचं पाणी मी तापवलं, तुमच्या पाठीला तेल मी चोळलं, आता तुमचा इन्कम टॅक्स पण मीच बघायचा का? आत्याबाई, तुम्हाला शेतात बसवून किती सालं झाली. मला वाटलं, सासू एकदाची गप झाली. कुठली गप!

परवा दुपारी तुमचा नातू, माझा लेक, लातूरहून आला. बियाण्याचं दुकान नोकरावर टाकून आला, तवाच मी ओळखलं की ह्याचं काहीतरी काम हाय. जेवता जेवता त्यानं खिशातून मोबाईल काढला अन तुमचं नाव वाचलं. नुसतं नाव न्हाई, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. एवढ्या वर्षांत ह्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. सुनेनं सासूचं नाव घेऊ नये म्हणून मी तर कधीच न्हाई. अन ते त्या मोबाईलातून आलं, जसं कुणी दारात उभं राहून हाक मारावी. तुमच्या नावावर कर कापला गेलाय अन तुम्ही विवरणपत्र भरलेलं न्हाई, असं सरकार तुम्हालाच विचारून राहिलं. माझा हात आपसूक पदराकडं गेला, डोकं झाकायला. स्वयंपाकघरात कुणी न्हाई, पण खाकरल्यासारखं झालं. तुम्ही भाकरी थापता थापता थांबून खाकरायच्या, सुनेचं काही चुकलं की, तसं.

झालंय असं. रस्त्यात जमीन गेली तिच्या पैशाची ठेव तुम्ही बँकेत तुमच्या नावानं ठेवली होती. तुम्ही गेल्यावर आमच्यातलं कुणी बँकेत सांगायला गेलंच न्हाई. आपल्या लिंगायतांत माणूस गेला की स्वामींना सांगतात, सोयऱ्यांना सांगतात, शेजारच्या चार गावांना सांगतात. बँकेला कोण सांगतं? मग ती ठेव मुदत संपली की पुन्हा आपोआप चालू, पुन्हा आपोआप चालू. व्याज तुमच्या नावावर, कर तुमच्या नावावर. कागदावर तुम्ही अजून जित्त्याच, आमच्यापेक्षा बऱ्या.

हिकडं यायच्या आधीच नातू लातूरच्या टॅक्सवाल्या वकिलाकडं जाऊन आला होता. वकील म्हणला, आजी वारल्याचं कळवा, वारस म्हणून नोंद करा. त्या गेल्या तोवरचं व्याज त्यांचं, त्यांचा हिशोब वारसानं द्यायचा. गेल्यानंतरचं व्याज वारसांचं, ज्यानं त्यानं आपापल्या वाट्याचं आपल्या उत्पन्नात दाखवायचं. ह्यानं विचारलं, नॉमिनी तर मी हाय ना? वकील म्हणला, नॉमिनी राखणदार असतो, मालक न्हाई. लेकीला पण लेकाइतकाच वाटा. म्हणजे अर्धं आमच्या घराचं अन अर्धं कंधारच्या वन्संचं, तुमच्या लेकीचं.

तिथंच ह्याच्या पोटात दुखलं. नाव वाचून झालं तसा त्यानं माझ्यापुढं एक फॉर्म ठेवला अन बाजूला शाईची डबी.

"हे काय रं?"

"म्हाताऱ्या माणसांचा फॉर्म हाय आई. माझं उत्पन्न कमी हाय, कर कापू नका, असं लिवून द्यायचं. आजी अंगठाच लावायची. तू लाव."

"मी काहून लावू? मी काय तुझी आजी हाय?"

"अंगठ्याला कुठं तोंड असतंय? आजी हयात दाखवली की कर बी कापत न्हाई अन वाटणी बी न्हाई. कंधारच्या आत्याला काय माहीत हाय?"

"आत्याला न्हाई. आजीला माहीत हाय ना."

"आजी मेली की गं!"

"आत्ता तर हयात म्हणलास. एक काय ते ठरव भाड्या, मग जेव."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी ऐकणार. अन खोटं का सांगू, डबीचं झाकण उघडल्यावर तो वास आला तवा मी मागं सरले. तोच वास. त्या दिवशी ती ठेव ठेवून बँकेतून आल्यावर तुम्ही चुलीपुढं बसून राखेनं अंगठा घासत होता. शाई निघंना. तुम्ही म्हणलात, "ह्यातलं अर्धं कंधारला जाईल. लेक दिली म्हणून ती टाकली न्हाई मी." तुमचा लेक मान हलवून हो म्हणला, अन त्यो पण गेला पुढच्या सालात. हा नातू तवा कॉलेजला होता, तिथंच ताटावर बसला होता. त्यानं दुसरी भाकरी मागितली, ती पण मला आठवते. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. तुम्हाला खड्ड्यात बसवलं, कपाळाला भस्म लावलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, अन त्या लिंगाच्या बाजूला तुमचा निळा अंगठा. बायकांना पुढं जाऊ देत न्हाईत, पण मी गेले होते. मी बघितलं. तुम्ही सगळ्या पांढऱ्या झालेल्या अन तेवढा अंगठा निळा. तेव्हापासून शेतात गेले की मी तिकडं बघत न्हाई. बेलाखाली तुम्ही मांडी घालून बसलेल्या, अन तो अंगठा अजून तसाच असणार, मातीत शाई कुठं जाते?

अन अंगठ्याचं तुम्हीच मला सांगायचं का? लग्न होऊन आले तवा राशनच्या कागदावर मी अंगठा लावला, तर तुम्ही सगळ्यांसमोर माझा हात झटकला. "एका घरात एक अंगठा बास हाय." मोंढ्याच्या बाजारातून पाटी आणलीत. गावात रात्रीची शाळा लागायची, तिथं मला ढकललंत, अन मी आले न्हाई तोवर जेवला न्हाईत. माया म्हणून न्हाई, मला ठाऊक हाय. उद्या तुमच्या लेकाला कुणी फसवलं तर घरात एकीला वाचता यावं म्हणून. पण सासूकडून सोन्याचं काही मिळालं न्हाई मला, एवढंच मिळालं.

म्हणून मी फॉर्म जवळ ओढला अन अंगठ्याच्या जागी दस्तखत केली. माझ्या नावाची. मोठ्या अक्षरात, चौकटीच्या बाहेर जाऊन.

"आई! फॉर्म खराब केलास!"

"दुसरा आण. त्याच्यावर पण माझंच नाव लिवते. अन आधी कंधारला जाऊन ये."

तो ताटावरून उठला, चूळ भरली न्हाई, गाडी काढून गेला. कंधारला गेला न्हाई, मला ठाऊक हाय. तिकडं वन्सं लेकीच्या घरी जिन्याखालच्या खोलीत ऱ्हातात, गुडघे गेलेत, तरी श्रावणात एसटीनं येऊन तुमच्यापुढं बसून जातात. आईनं काही ठेवलं का, असं एका शब्दानं कधी विचारलं न्हाई त्यांनी. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हे पत्र मी कुठं टाकू? तुम्हाला वाचता येत न्हाई, अन वाचून दाखवणारी मीच. घडी करून पाटीच्या मागं ठेवते. एक सांगते, हसू नका. अंगठा मी लावला न्हाई, डबीला बोट सुद्धा लागलं न्हाई, तरी परवापासून राखेनं तो घासून राहिले.

अन तुम्ही खाकरून, हाक मारून मला काही विचारू नका. माझी दस्तखत झाली. तुम्ही अर्धं म्हणलात ते त्या पोरानं भाकरी खाताना ऐकलंय. त्याला मी शेतात पाठवते, एकट्याला. उत्तर त्यानं द्यायचं, बेलाखाली उभं राहून, तुमचं पूर्ण नाव घेऊन.