पोळ्यापर्यंत उजवा हात

हदगाव, १० जून २०२५

चि. उज्वला हिस शेषेरावकाकाचे अनेक आशीर्वाद.

मोबाईल शेजारच्या शेतातल्या सुदर्शननं दगडानं ठेचला, म्हणून पत्र. बांध का सरकवला एवढंच विचारायला गेलो होतो, तर त्यानं कुदळीच्या दांड्यानं मला शेतातच लोळवलं. तोंडातलं रक्त पुसायलाही हात उचलेना. दोन महिन्यांत बरगड्या सांधल्या, पण उजवा खांदा आखडलाय.

तू लातूरला लोकांचे सांधे मोकळे करतेस. मी साठ वर्षांत कधी व्यायाम केला नाही. आता एका दमात दहा मिनिटांच्या वर होत नाही. एवढ्याशानं काही होतं का? माया राहू दे.

शेषेराव

लातूर, १८ जून

ती. काकांस उज्वलाचा शि. सा. न.

पत्र मिळालं. पोलिसांत तक्रार केली का, ते लिहिलंच नाहीत.

दहा मिनिटं पुष्कळ झाली. नव्या माणसानं तासभर घाम गाळून आठवडाभर अंथरूण धरण्यापेक्षा सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा मिनिटं करावीत, पण रोज. आधी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या, मग पाण्याची बाटली धरून. तुम्ही दोन दिवसांत कंटाळणार, म्हणून काकूलाही सोबत करायला लावा. खाडा केलात तर बोलणार नाही.

आपली, उज्वला

हदगाव, १५ जुलै

चि. उज्वलास आशीर्वाद.

तुझी दहा मिनिटं लागू पडली. हात कानापर्यंत जातो. तुझी काकू पदर खोचून भिंतीला रेटे देते, आकडे मोठ्यानं मोजते आणि माझ्याहून दहा जास्त काढते. वर मलाच हसते.

बाटली हलकी पडते, म्हणून कुऱ्हाड घेतो. डोक्यावरून जोरात खाली आणायला अजून किती आठवडे? पोळ्याच्या आत जमायला हवं. त्या सकाळी सुदर्शन ओढ्यावर एकटाच बैल धुतो. तक्रारीचं विचारू नकोस.

शेषेराव

लातूर, २१ जुलै

ती. काकूस सा. न.

काका कुऱ्हाड कशासाठी उचलून राहिलेत, ते त्यांनीच लिहिलंय. मला फार भीती वाटते. ज्या हाताला मी शिकवलं तोच कुणाच्या मानेवर पडणार. कुऱ्हाड लपव, व्यायाम बंद कर, त्यांना एकटं सोडू नकोस.

तुझी, उज्वला

हदगाव, २४ ऑगस्ट

चि. उज्वला हिस केवळाबाईकाकूचा आशीर्वाद.

कुऱ्हाड लपवली, तर यांनी दुसरी आणली. परवा पोळ्याला मी मागोमाग ओढ्यावर गेले. सुदर्शन वाकून बैलाचं पोट घासत होता. त्याला चाहूलही नव्हती. यांचा हात पार डोक्यावर गेला आणि मी मागून मनगट धरलं. यांनी कोपर मारलं, माझा ओठ फाटला, लाथाही घातल्या. चाळीस वर्षांत यांच्या ताकदीपुढं माझं कधी चाललं नव्हतं. परवा चाललं. हात पाठीमागं पिरगाळला आणि काडकन मोडेपर्यंत सोडला नाही. कुऱ्हाड पाण्यात पडली.

यांच्या ओरडण्यानं बैल बुजले. सुदर्शन चिखलातच बसला. मी त्याला सांगितलं, की नवऱ्याचा हात मोडलाय, बांध जागेवर आला न्हाई तर तुझाही मोडीन. काल त्यानं बांध मागं घेतला.

हे प्लास्टर घालून भिंतीकडं तोंड करून निजलेत. भाकर कुस्करून भरवते तेवढ्यापुरतं तोंड उघडतात. मला लई रडू येतं. पण माणूस घरात आहे.

हे तुला पत्र लिहितील. प्लास्टर निघाल्यावर यांना व्यायाम सांगू नकोस. माझा मी चालू ठेवलाय.

तुझी काकू