नाताळची चांदणी आणि एकशे ऐंशी

२४ डिसेंबर, नानाखेडा

उद्या नाताळ, म्हणून आज इथल्या हिंदी शाळेत आठवीच्या वर्गाला पेन्सिल न उचलता पाच सरळ रेघांची चांदणी काढायला लावली आणि टोकांचे कोन मोजायला सांगितले. लांबट असो की तिरकी, पाचही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंशच! एरवी गप्प असणारी सना ओरडली, "मॅडम, हर बार वही!"

घरी येऊन हेच सांगायला लेकीला पुण्याला फोन केला. "आई, नंतर बोलू?" नंतर म्हणजे कधी?

मग सनाच्या आईचा फोन आला. "मॅडम, ये सबसे तारे बनवा रही है. खाना ठंडा हो गया!" मागे घरातले सगळे बेरजेवरून भांडत होते.

"फोन रखूँ?"

"थोड़ी देर चालू रहने दो," मी म्हटलं आणि नुसती ऐकत बसले.