खोलीचा वास घेऊन पाहिला

ती. बाबांना क्षिप्राचा व्हिएतनामहून नमस्कार.

फोनवर आई लगेच रडते, म्हणून लिहितेय. मी ठीक आहे. जेवणाचंही जमतंय.

इंग्रजी शिकवायला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक हायफाँगला, मोठ्या शहरात. तिथे पगार चांगला, भारतीय माणसंही आहेत. दुसरं डोंगरातल्या छोट्या गावात. तिथे आपलं कोणीच नाही.

तुम्ही आधी काय विचारणार ते माहितीये: "जवळ कंपनी आहे का?" मीही तेच केलं. हायफाँगच्या खोलीत शिरले आणि नळ, पंखा काही न बघता खिडकी उघडून वास घेत उभी राहिले. मानपाड्यात, केमिकल कंपन्यांच्या वासात वाढलेली मुलगी दुसरं काय करणार! घरमालकीण बिचारी ओशाळली आणि धावत जाऊन फरशी पुसायला लागली. वास नव्हताच. पण लांबवर तीन धुराडी दिसली, आणि मी तशीच बाहेर पडले.

डोंगरातल्या गावाला हो म्हटलंय. खोलीही घेतली. आता एकटीला भीती वाटतेय. चुकलं का हो माझं?

आपल्या घरामागच्या केमिकल कंपनीत स्फोट झाला तेव्हा फुटलेल्या खिडकीला नवी काच बसवली, असं आई म्हणते. मग व्हिडिओ कॉलवर तुमच्या पाठीमागे पुठ्ठा कसा दिसतो? आणि तिचा खोकला?

मी धुराडी बघूनच पळाले, बाबा. तुम्ही दोघं अजून तिथेच आहात.

इथली खोली एकटीला फार मोठी आहे. मुद्दाम घेतलीय.

तुमची,
क्षिप्रा