एकट्याने शीट लावायची पद्धत

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून वर्कशॉपमध्ये एफिशियन्सी. रस्त्यावरच्या पाट्यांना चमकणारी शीट लावायला दोन माणसं लागतात, ही जुनाट समजूत आहे. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने शीटच्या पाठीचा कागद ओढत राहायचं. कागद ओढणं हे काय काम झालं?

ही काल भावाकडे गेली. चार दिवसांत येईल. रस्त्याचं काम देणाऱ्या साहेबांसमोर मी एवढंच म्हणालो, की ही नसती तर दुप्पट पाट्या निघाल्या असत्या. विनोद होता. साहेब हसलेसुद्धा. हिने हातमोजे काढून रोलरवर ठेवले आणि बाहेर पडली. विनोद कळायलाही डोकं लागतं.

४ फेब्रुवारी
पत्रा पुसला. शीटची कड चिकटवली. कागदाला चिमटे लावून खाली वीट बांधली, म्हणजे कागद आपोआप ओढला जाईल. ओढला गेला. वीट पायावर. कल्पना बरोबर होती, पाय चुकीच्या जागी होता.

सगळ्या पाट्यांत बुडबुडे. सुईने टोचून हवा काढली. आता देवी येऊन गेलेल्या तोंडासारख्या दिसतात. लांबून कळत नाही.

६ फेब्रुवारी
कागद दातांत धरायची पद्धत शोधून काढली. दोन्ही हात मोकळे! शिंक आली. ‘सावकाश जा’ या पाटीला बाही कोपरापर्यंत चिकटली. शीट एकदा बसली की सुटत नाही. माल एक नंबर आहे.

शेजारचा वेल्डर कात्री घेऊन आला. म्हणाला, वहिनींना बोलवा की. मी म्हणालो, वेळ नाही. तो म्हणाला, फोन लावायला कितीसा वेळ लागतो. वेल्डरशी बोलण्यात फार वेळ जातो. यापुढे बंद.

९ फेब्रुवारी
चार दिवस कधीच उलटले. मेहुण्याकडे कॅलेंडर नसावं.

मी फोन करणार नाही. रुसून गेली तिने करावा.

संध्याकाळी केला. मेहुण्याने उचलला. म्हणाला, ताई झोपलीय. दिवेलागणीला कोण झोपतं? मग वाटलं, दमली असेल. इतकी वर्षं रोलरपाशी उभीच असायची. हे आजच कसं मनात आलं, कळत नाही. कामाच्या वेळेत असलं काही मनात आणायचं नाही.

१२ फेब्रुवारी
नाक्यावरची मोठी पाटी केली! एकट्याने! दोन शीट शेजारीशेजारी. एक बुडबुडा नाही. शीटच्या पाठीवर बाण छापलेले असतात. ही दोन्ही बाण एकाच दिशेला ठेवायची, मग स्टोअरचं दार लावून अंधारात टॉर्च मारून बघायची. मी दुसरी शीट आडवी फिरवून लावली, कापताना वाया कमी जाते. टॉर्चची भानगड ठेवलीच नाही.

उजेडात इतकी देखणी दिसत होती, की ‘अगं, बघ तरी’ म्हणून हाक मारली. घरात कुणी नव्हतं.

१५ फेब्रुवारी
साहेबांचा फोन. गाडीच्या दिव्यात पाटीची डावी बाजू लखलखते, उजवी काळीठिक्कर. गावाचं नाव दिसतं, वळायचं कुठे ते दिसत नाही. लोक सरळ पुढे जातात. परवापर्यंत बदला, नाहीतर काम दुसऱ्याला देतो, म्हणाले. वर म्हणाले, बाईंना विचारून करा. मी म्हणालो, शीटच खराब आली.

मेहुण्याला निरोप दिला. एका पाटीपुरतं. कामाचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही.

केस कापून आलो. तेही कामासाठीच.

१७ फेब्रुवारी, दुपार
ही आली! मेहुणा बाहेर गाडीतच बसून राहिला. हिने नवा पत्रा पुसला, बाण बघितले, कागद धरला. मी रोलर फिरवला. कागद इतका अलगद सुटत होता, की रोलर आपला आपण फिरतोय असं वाटलं. स्टोअरचं दार लावून टॉर्च मारला. अख्खी पाटी उजळली. त्या उजेडात हिचं तोंड दिसलं. फार बारीक झाली आहे. तेच म्हणणार होतो. म्हणालो, नेहमीपेक्षा कमी वेळ लागला.

उद्यापासून हिला बसायला उंच खुर्ची आणायची. साहेबांसमोर कौतुक करायचं, निदान एकदा. आता चहा ठेवतो.

संध्याकाळ
चहा घेतला नाही. हात धुऊन म्हणाली, वेल्डरची बायको काम शोधते आहे. तिला कागद धरायला मी शिकवीन, एका सकाळीत जमेल तिला. तिच्याशी नीट बोलत जा.

मी म्हणालो, दुसरी कशाला, तू आहेस की.

हिने कपाटातल्या साड्या पिशवीत भरल्या, हिवाळ्याची शालसुद्धा घेतली. मी पिशवी उचलायला गेलो, तर तिनेच उचलली. मला रडू आलं. ते तिने बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली.

साधी भाजी आणायला निघाली तरी ही दारातून ‘येते’ म्हणायची. आज म्हणाली, जाते.

मी म्हणालो, ये. तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती.