तीन छेद आठ म्हणजे किती

३ मार्च
तलाठी भरतीचा हा पाचवा अटेम्प्ट. आधीचे चार वॉर्म-अप होते. नवी पद्धत: अपूर्णांक दिसला की लगेच दशांश करायचा. एक छेद आठ, ०.१२५. धाकट्या महामायानेही फॉर्म भरलाय. तिला मीच शिकवणार.

६ मार्च
तिला तक्ता लिहून दिला. म्हणाली, "दादा, भागून पाहू का?" म्हटलं, "काऊन? माह्यावर भरोसा नाही?" तक्ता घेऊन गेली बिचारी.

११ मार्च, सकाळी ६
घात झाला. तीन छेद आठ मी ०.३८५ लिहून दिलंय. मोबाईलवर तीनदा भागलं, तिन्ही वेळा ०.३७५. चहा घेताना सांगतो.

११ मार्च, संध्याकाळी ७
नाही सांगितलं. शेजारच्या बेबीताई बसल्या होत्या. आई त्यांना म्हणत होती, "आमचा प्रेमानंदच शिकवून राह्यला तिले. क्लासचं कामच नाही." अशात कसं सांगणार?

१५ मार्च
शंभर प्रश्नांत तेवढं एकच कशाला येतंय! तरी जेवण गेलं नाही. ती ओट्यावर बसून माझाच तक्ता घोकते. माझी गणिताची वही तर अकरा तारखेपासून उघडवत नाही. उद्या नक्की सांगतो.

२२ मार्च
उद्या पेपर. ऐन वेळी सांगून तिला टेन्शन कशाला? तिच्या भल्यासाठीच गप्प आहे.

२३ मार्च, संध्याकाळ
सकाळी पेपरला जाताना नांदुऱ्याहून बुलडाण्यापर्यंत एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. उठवावंसं वाटलं नाही.
प्रश्न आला. तीन छेद आठ मोठा की पाच छेद तेरा? पाच छेद तेरा म्हणजे ०.३८४. माझ्या तक्त्याने उत्तर नेमकं उलटं येतं! मला बरोबर आलं, पण पुढे डोळ्यांसमोर महामायाच. बावीस प्रश्न राहिले.
बाहेर आल्यावर सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "ते म्या कवाच सुधरवलं. तुह्या वहीतही पेन्सिलनं लेहलं होतं. तुले वाईट वाटंल म्हणून बोलली नाही. दिसलं नाही का?"
म्हटलं, दिसलं होतं.

२ मे
निकाल. महामाया लागली. मी नाही.
बेबीताईंनी विचारलं, शिकवणाराच कसा राहिला? मी काही बोलायच्या आत महामाया म्हणाली, "दादानं शिकवलं म्हणूनच लागली मी."
मी नाही म्हणालो नाही. पेढा घेतला.